अकीकाची वाट चिंचोटीवरून जाते

घोडबंदरजवळ वसईची खाडी ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४८ उत्तरेकडे निघाला की डाव्या हाताला नायगाव-वसईचा सखल पट्टा पसरतो आणि उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर चालू होतात. चिंचोटी ती इथेच. नाक्यावरून एक फाटा कामणमार्गे भिवंडीला जातो. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत चिंचोटीचं नाव येतं ते बहुधा दोनच कारणांनी: धबधब्याच्या डोहात कुणी बुडालं म्हणून, नाहीतर महामार्ग तुंबला म्हणून. उरलेलं वर्षभर इथून खडीचे डंपर जातात. या पट्ट्यातला काळा दगड फुटतो आणि मुंबईच्या काँक्रीटमध्ये जाऊन बसतो.

दागिन्यांच्या दगडावरचा लेख खडीपासून सुरू करायला कारण आहे. ज्या कातळाची खडी होते, त्याच कातळाच्या पोटात अकीक तयार होतो. आणि चिंचोटीवरून जाणारा हाच महामार्ग पुढे अंकलेश्वर-भरुचला पोचतो, जिथून या दगडाने दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगापर्यंत मजल मारली. चिंचोटीला अकीकाची खाण नाही, कधी होती असंही नाही. पण या नाक्यावर उभं राहिलं की अकीकाच्या गोष्टीतला डोंगर, बंदर आणि रस्ता हे तिन्ही हाताच्या अंतरावर येतात.

आधी डोंगर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर ओतले गेले. झीज होऊन आज उरलेला या बेसाल्टचा विस्तारसुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. बहुतेक महाराष्ट्र त्यावरच बसला आहे. लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर यायला धडपडतो आणि थराच्या माथ्याकडे अडकतो. तळणीत पडलेल्या अनारशाला जाळी सुटते, तशी दगडाला जाळी सुटते. पुढे लाखो वर्षं या दगडातून पाणी झिरपत राहतं. ते बेसाल्टमधली सिलिका आणि इतर क्षार विरघळवतं आणि पोकळ्यांत आणून सोडतं. कुठे त्यातून कॅल्साइट तयार होतं, कुठे झिओलाइटचे नाजूक स्फटिक. मालाड-कांदिवलीच्या जुन्या दगडखाणींतून निघालेले प्रेहनाइट, जायरोलाइट यांचे नमुने जगभरच्या खनिजसंग्रहांत आहेत. सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय पाहिलं की महाराष्ट्राच्या काळ्या दगडाच्या पोटात काय काय दडलेलं असतं याचा अंदाज येतो. आणि कुठे त्या पोकळीत निव्वळ सिलिका थराथराने साचते. तो अकीक.

रसायनाच्या भाषेत अकीक, स्फटिक आणि किनाऱ्यावरची पांढरी रेती ही सगळी सिलिकाच. फरक बांधणीचा. स्फटिकात ती मोठ्या, पैलूदार आकारात वाढते. अकीकात तिचे साध्या डोळ्यांना न दिसणारे बारीक तंतू भिंतीला काटकोनात उभे राहतात, एका थरावर दुसरा थर चढतो आणि पोकळीच्या आकाराबरहुकूम रेघा उमटत जातात. म्हणून अकीक कापला की आतल्या रेघा बाहेरच्या वेड्यावाकड्या कडेचीच नक्कल करताना दिसतात. मध्यभागी जागा उरली तर तिथे खरे स्फटिक वाढतात, तीही नाही भरली तर पोकळ राहते. या रेघा नेमक्या कशा पडतात यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालू आहे. राफाएल लिझेगांग या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८९६ साली जेलीमध्ये क्षार पसरताना आपोआप वर्तुळं पडतात हे दाखवलं आणि अकीकाचंही तसंच असावं असा तर्क पुढे आला. पाणी टप्प्याटप्प्याने आलं, दर वेळी त्याची घडण वेगळी होती, असं दुसरे म्हणतात. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत आणि दोन्ही बाजूंना अडचणी.

कठीणपणा मोजायच्या मोहस मापात अकीक साडेसहा ते सात भरतो. चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, उलट तोच काचेवर ओरखडा काढतो. तो ठरावीक पातळीवर चिरत नाही. फुटतो तेव्हा शिंपल्यासारखी वळणदार, धारदार कपची निघते. ही धार माणसाने दागिन्यांच्या फार आधी ओळखली. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची पाती याच जातकुळीच्या दगडाची होती. तांबं महाग, दगड नदीत पडलेला. आगपेटी येण्याआधी घरोघरी चकमकीने ठिणगी पाडत, तिथेही हाच गोत्रज.

बेसाल्ट झिजतो, अकीक झिजत नाही. डोंगर माती होऊन वाहून जातो आणि त्याच्या पोटातले गोटे नदीच्या पात्रात उघडे पडतात. म्हणून गोदावरी, प्रवरा, नर्मदा यांच्या काठी अकीक वेचायला मिळतो. प्रवरेकाठच्या नेवाशाला ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ मध्ये खणलं, पुढे जालना जिल्ह्यात भोकरदनला उत्खनन झालं. सातवाहन काळाच्या थरांत अकीकाचे आणि लालसर कार्नेलियनचे मणी भरपूर मिळाले.

आता बंदर. चिंचोटीपासून पश्चिमेला, नालासोपाऱ्याच्या इमारतींच्या गर्दीत, जुनं शूर्पारक दडलं आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उघडला. विटांच्या कोठडीत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याभोवती आठ लहान ब्राँझमूर्ती. आणि करंडकात एकाच्या पोटात एक अशा डब्या, चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. सोबत सोन्याची नाजूक फुलं. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. ज्या किनाऱ्यावर स्फटिक कोरून त्याची डबी करणारे, किंवा निदान ती विकत घेऊ शकणारे लोक होते, तिथे मण्यांचा बाजार नसता तरच नवल.

आणि तरीही मोठा व्यापार सोपाऱ्याला चुकवून गेला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची जी माहितीवही लिहिली, तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. तीत सोपाऱ्याचं नाव आहे, कल्याणचंही आहे. पैठणहून ऑनिक्स, म्हणजे सरळ समांतर रेघांचा अकीक, मोठ्या प्रमाणात निघतो असंही तीत स्पष्ट लिहिलं आहे. पण हा माल उतरतो बारिगाझाला, म्हणजे भरुचला. वीस दिवसांची वाट, रस्ता नसलेल्या मुलखातून, गाड्यांमधून. नकाशा उघडून पाहिलं तर हा वेडेपणा वाटतो: पैठणहून नाणेघाटाने उतरलं तर कल्याण आणि सोपारा कितीतरी जवळ. कारण त्याच वहीत पुढे दिलं आहे. कल्याण पूर्वी खुलं बंदर होतं, नंतर त्याची नाकेबंदी झाली, आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जात.

ही क्षत्रप आणि सातवाहन यांची ओढाताण. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांतल्या लेखात आपली दानं नोंदवली आहेत; भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चारही ठिकाणी त्याने विश्रामगृहं बांधली. म्हणजे भरुच आणि सोपारा दोन्ही एकाच घराण्याच्या मुठीत होती, आणि जकात कुठे भरायची हे त्यांनी ठरवलं होतं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने हे राज्य मोडलं. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. अकीकाचा इतिहास लिहिताना मला हे प्रकरण नेहमी महत्त्वाचं वाटतं. दगड आमच्या नदीतला, पण त्याची वाट आणि त्यामुळे त्याची किंमत जकातनाक्याने ठरवली.

रोमला हा दगड का हवा होता? रोमन कारागीर थरांच्या रंगातला फरक वापरत. वर पांढरा, खाली काळपट किंवा तपकिरी थर असलेला तुकडा घ्यायचा, पांढऱ्यात चेहरा कोरायचा आणि भोवतालचा थर खरवडून गडद पार्श्वभूमी उघडी करायची. व्हिएन्नाच्या संग्रहालयातला ‘जेम्मा ऑगस्टिया’ हा सम्राट ऑगस्टसच्या गौरवाचा दगड असाच दोन थरांत कोरलेला आहे. शिक्क्याच्या अंगठ्यांनाही अकीक चाले, कारण त्याला मेण चिकटत नाही. रोमन लेखक प्लिनीने राजा पिऱ्हसच्या अंगठीतल्या अकीकाची कथा सांगितली आहे: त्यात अपोलो आणि नऊ कलादेवता दिसत आणि त्या कुणी कोरलेल्या नव्हत्या, निसर्गानेच उमटवल्या होत्या म्हणे. विंचू-कोळ्याच्या विषावर अकीक चालतो, हेही प्लिनीनेच नोंदवून ठेवलं आहे.

आता रस्ता. चिंचोटीहून वापी, वलसाड, सुरत मागे टाकत अंकलेश्वर गाठायचं आणि राजपीपळ्याच्या दिशेने वळायचं. भरुच जिल्ह्यातल्या झगडिया तालुक्यात रतनपूरजवळ एक टेकडी आहे आणि तिच्यावर बावा गोर यांचा दर्गा. ते हबशी संत, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाचं हे मुख्य श्रद्धास्थान. शेजारी त्यांची बहीण माई मिश्रा यांचं स्थान आहे. अकीकाचा धंदा बावा गोर यांनीच सुरू करून दिला असं मानतात, आणि इथल्या काळ्यापांढऱ्या रेघांच्या दगडाला त्यांचंच नाव पडलं: बाबागोरी. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसाने जवळच्या लिमोद्र्याची नोंद केली, तीत हे नाव आहे. वसई पोर्तुगीजांच्या हाती पडण्याच्या (१५३४) आधीची ही नोंद. भूगर्भशास्त्रज्ञांनी या टेकडीच्या अकीकगोट्यांनी भरलेल्या थराला ‘बाबागुरू’ असंच नाव दिलं आहे. एखाद्या पीराचं नाव शास्त्रात इतक्या सहज शिरल्याची उदाहरणं फार नाहीत. तो थर दख्खनच्या बेसाल्टचाच झिजलेला, वाहून आलेला आणि पुन्हा घट्ट झालेला गाळ आहे. रतनपूरचा दगड आणि तुंगारेश्वरचा डोंगर यांचं कूळ एक.

इथला दगड उन्हात टाकतात, मग मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद धगीत भाजतात. दगडात मुरलेलं पिवळट लोह उष्णतेने तांबडं होतं आणि मळकट गोट्याचा कार्नेलियन होतो. घाई केली तर दगड तडकतो. एका भाजणीत हवा तो रंग येईलच असं नाही, पुन्हा भाजायचं. मग माल खंभातला.

खंभातची घडाई हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग. जमिनीत तिरका रोवलेला लोखंडी टोकदार दांडा. कारागीर दगडाची कड त्या टोकावर टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टोला देतो. कपची उडते ती खालून, टोकाच्या बाजूने. दगड फिरवत फिरवत, टोल्यामागे टोला देत गोटीचा मणी उभा राहतो. भोक पाडायचं ते सामत्याने: टोकाला हिऱ्याच्या बारीक कण्या बसवलेली सळई, धनुष्याच्या दोरीने फिरवायची, वरून थेंब थेंब पाणी. जिलईसाठी पूर्वी मणी, अकीकाची भुकटी आणि पाणी चामड्याच्या पिशवीत भरून दोघेजण ती दिवसेंदिवस पुढेमागे लोटत. आता विजेवर फिरणारे पिंप आले.

हे तंत्र किती जुनं, हे पाहायला पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनोयर, मास्सिमो विदाले आणि कुलदीप भान खंभातच्या कारागिरांकडे गेले, बसले, टिपणं घेत राहिले. सिंधू संस्कृतीत लांबट कार्नेलियन मणी होते, लोथलला मण्यांचा कारखाना सापडला होता आणि तसे मणी इराकमधल्या उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांतही निघाले होते. हिरा नसताना त्यांना आरपार भोकं कशी पाडली? उत्तर एका विशिष्ट कठीण दगडाच्या सळईत मिळालं. सिंधू संस्कृतीतल्या चान्हुदडोचं उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्यावरून त्या दगडाला अर्नेस्टाइट म्हणतात. प्रयोगात ती सळई तासाला सुमारे अडीच मिलिमीटर आत जायची. म्हणजे सहा सेंटीमीटरच्या एका मण्याच्या भोकाला सलग चोवीस तास, रोजच्या कामाच्या हिशेबात तीन ते पाच दिवस. एका मण्याला. उरच्या थडग्यांत निघालेले मणी आता या हिशेबात मोजा.

जुन्या लोकांनी अकीकाला किंमत दिली ती या वेळेची. हिऱ्याचं, माणकाचं दुर्मीळपण त्याच्याजवळ नाही. नद्यांच्या पात्रांत तो पडलेला असतो. चांगला अकीक म्हणजे चांगला हात.

श्रद्धेच्या बाजारात त्याचं स्थान असंच मधलं आहे. नवरत्नांत त्याला जागा नाही. राहूसाठी घालतात तो गोमेद गार्नेटच्या जातीचा, केतूसाठीचा लसण्या आणखी निराळा. पण ज्याला रत्न परवडत नाही त्याला ज्योतिषी हकीक, म्हणजे अकीकच, सुचवतो, आणि काळ्यापांढऱ्या रेघांचा सुलेमानी हकीक दृष्टीवर उतारा म्हणून मुंबईच्या भेंडीबाजारात, दर्ग्यांच्या वाटांवर, देवळांबाहेरच्या टोपल्यांत सर्रास मिळतो. मुसलमानांत त्याला मोठा मान. पैगंबरांच्या चांदीच्या अंगठीत हबशी खडा होता अशी परंपरा आहे, आणि शिया पंथीय येमेनचा तांबूस अकीक विशेष मानतात. आयुर्वेद आणि युनानीत अकीक पिष्टी हृदयासाठी देतात. या साऱ्यांतल्या गुणांबद्दल मला काही म्हणायचं नाही. रेघांचा दगड ग्रह वळवतो याचा पुरावा मात्र मी कुठे पाहिलेला नाही. त्याचे सिद्ध झालेले गुण वेगळ्याच जागी कामाला येतात. रासायनिक प्रयोगशाळेत नमुने घोटायला अकीकाचा खलबत्ता लागतो, कारण तो झिजून नमुन्यात मिसळत नाही. जुन्या नाजूक तराजूंच्या दांड्या अकीकाच्या धारेवर टेकत. सोन्याचा वर्ख चकचकीत करायला आणि हातकागद घोटायलाही तोच.

दागिना म्हणून घेणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. अकीक अंगठीत निर्धास्त घालावा, तो रोजच्या वापराला पुरून उरतो. चांदीत जास्त खुलतो आणि पैलूंपेक्षा घुमटाकार घासणीत त्याच्या रेघा नीट दिसतात. दुसरी गोष्ट रंगाची. भडक निळा, पोपटी, गुलाबी अकीक बहुतेक रंगवलेला असतो. तंतूंच्या मधल्या सूक्ष्म पोकळ्यांत रंग मुरतो, काही थर जास्त पितात, काही कमी, म्हणून रेघा उलट उठून दिसतात. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात याचं शास्त्रच बनवलं. त्यांच्या स्वतःच्या खाणी संपत आल्या, १८३० च्या दशकापासून ब्राझीलहून जहाजं भरभरून करडा अकीक येऊ लागला, आणि त्या करड्याला रंग देणं हाच धंदा झाला. दगड साखरेच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग गंधकाम्लात. आत मुरलेली साखर जळून कोळसा होते आणि काळा ऑनिक्स तयार. बाजारात मिळणारा जवळजवळ सगळा काळा ऑनिक्स असाच आहे. ही फसवणूक नव्हे, विकणाऱ्याने सांगितलं तर. खंभातच्या अकीकाला भौगोलिक मानांकन आहे. दुकानदाराला दगड कुठला आणि रंग कुणाचा हे विचारायला संकोच वाटू नये.

मात्र आणखी एक प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही: हा दगड घासणाऱ्याचं काय होतं? सराणीवर अकीक कोरडा घासला की हवेत उडते ती निव्वळ सिलिकेची भुकटी. दिसते त्याहून न दिसणारी जास्त घातक. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिच्याभोवती व्रण धरतात आणि माणसाला दम लागू लागतो. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. त्यातून क्षयाचा धोका वाढतो आणि कित्येकदा त्याला नुसता क्षयच समजून उपचार चालतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकापासून खंभातच्या अकीक कारागिरांची तपासणी केली आहे. त्रास घासणाऱ्यापुरताच राहत नाही, कारण घासकाम घरातच चालतं. बायका तिथेच मणी ओवतात, मुलं तिथेच असतात. चिंचोटीकडच्या खडीच्या धुळीचं प्रकरण थोडं वेगळं: बेसाल्टमधली सिलिका बहुतेक इतर मूलद्रव्यांशी जोडलेली असते, मोकळा क्वार्ट्झ त्यात नगण्य. धूळ ती धूळच, पण अकीकाची भुकटी जवळपास शंभर टक्के तीच, जी फुप्फुस बिघडवते.

उपाय माहीत नाहीत असं नाही. दगड ओला घासायचा, सराणीला धूळ ओढणारा पंखा आणि नळी लावायची, घासकाम राहत्या घरापासून दूर न्यायचं. अडतं ते पैशांत आणि कागदांत. घरी बसून मण्यामागे मजुरी घेणारा कारागीर बहुतेकदा कुणाचा नोकर म्हणून नोंदलेला नसतो. दगड व्यापाऱ्याचा, सराण त्याची स्वतःची, वीजबिलही त्याच्याच नावाचं. मग कारखान्यांचा कायदा त्याच्या दारापर्यंत पोचत नाही, आणि आजार झाल्यावर नुकसानभरपाई मागायची कुणाकडे, हे ठरवता येत नाही. कारागीर कागदावर कामगार ठरल्याशिवाय ओल्या घासणीचा आणि धूळ ओढणाऱ्या नळीचा खर्च व्यापाऱ्याच्या हिशेबात येणार नाही, आणि मण्याच्या किमतीतही.